सात वर्षांची लहान गाडी, पाच माणसं आणि पुणे–जैसलमेर

प्रश्न थोडक्यात असा: एक लिटर इंजिनाची हॅचबॅक, सात वर्षं वापरलेली, सीएनजी कंपनीनेच बसवलेलं, साठ हजारांच्या वर चाललेली. डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याहून अहमदाबाद, माउंट अबू करत जैसलमेर आणि परत. चार मोठी माणसं आणि सहा वर्षांचं एक मूल. आदल्या आठवड्यात सर्व्हिसिंग केलं की पुरेल का, टपावर कॅरियर लावावा का, आणि मुळात एवढी लहान गाडी एवढ्या लांब न्यावी का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. जरूर न्या. मोकळ्या महामार्गावर ऐंशी-नव्वदच्या वेगाने तासन्‌तास पळणं हे इंजिनाला शहरातल्या पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या रखडपट्टीपेक्षा कितीतरी सोपं जातं. माझ्या गॅरेजमध्ये लांबच्या प्रवासातून टोचन करून आलेल्या लहान गाड्यांत इंजिनाचा दोष क्वचितच निघतो. निघतं ते टायर, कूलंट, बॅटरी आणि जास्त भरलेलं सामान. लहान गाडी पूर्ण भरली की तिच्याकडे राखीव ताकद उरत नाही. मोठ्या गाडीत खपून जाणारी हयगय इथे खपत नाही. म्हणून तयारी करायची ती भरलेल्या गाडीची. एकटा माणूस ऑफिसला नेतो त्या गाडीचा अंदाज इथे उपयोगाचा नाही.

आता सर्व्हिसिंग. आदल्या आठवड्यात नको, तीन आठवडे आधी करा. गाडीला हात लागला की काहीतरी हलतं. होज पाइपची क्लिप अर्धवट बसते, ड्रेन बोल्टचा वॉशर जुनाच राहतो, नवा घातलेला पार्टच सदोष निघतो. ही सगळी दुखणी पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये वर येतात. ती राजस्थानात सिरोहीजवळ वर येण्यापेक्षा पुण्यात आलेली बरी. मधल्या एखाद्या रविवारी सगळी माणसं आणि खऱ्या बॅगा घेऊन दीडशे-दोनशे किलोमीटर फिरून या. वाटेत घाट हवाच, ताम्हिणी किंवा महाबळेश्वर चालेल. परत आल्यावर इंजिनाखाली मोठा पुठ्ठा पसरा आणि गाडी रात्रभर तिथेच ठेवा. सकाळी पुठ्ठा बघा. काळपट तेलकट डाग म्हणजे इंजिन ऑईल. हिरवा किंवा गुलाबी, बोटाला चिकट लागणारा आणि गोडसर वासाचा असेल तर कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट पिवळसर ओल दिसली तर ब्रेक ऑईल, आणि मग गाडी जागची हलवू नका. नुसतं पाणी असेल तर ते एसीचं, सोडून द्या.

गॅरेजमध्ये ‘लांब जायचंय, सगळं बघून घ्या’ असं म्हणू नका. या वाक्याचं बिल मोठं होतं आणि काम मोघम. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटलची अमुक ट्रीटमेंट, तळाला कोटिंग हे सगळं, गाडीची तशी काही तक्रार नसेल तर, नाकारा. त्या पैशांत मागचे दोन टायर किंवा बॅटरी येते. पुढे लिहिलंय ते मुद्दे कागदावर उतरवून द्या आणि प्रत्येकाचं उत्तर आकड्यात मागा. ‘ब्रेक ठीक आहेत’ हे उत्तर नव्हे. ‘पुढचे पॅड सहा मिलिमीटर शिल्लक आहेत’ हे उत्तर.

वजनाचा हिशेब एकदा मांडाच. रिकाम्या गाडीचं वजन आरसीवर असतं, भरून जास्तीत जास्त किती चालेल ते गाडीच्या पुस्तकात असतं. या वर्गातल्या सीएनजी गाडीत दोन्हींतला फरक साधारण सव्वाचारशे-साडेचारशे किलो निघतो. चार मोठी माणसं सरासरी सत्तर किलोंची धरली तर दोनशे ऐंशी, मूल वीस, म्हणजे झाले तीनशे. उरलेल्या सव्वाशेत बॅगा, पाणी, खाणं, हत्यारं, अंथरूण-पांघरूण सगळं बसवायचंय. बसतं, पण जेमतेम. त्यातही सीएनजीची टाकी डिकीत असल्याने मागच्या एक्सलवर आधीच बोजा असतो आणि बॅगाही मागेच जातात. म्हणून जड वस्तू मागच्या सीटच्या पाठीला टेकून, खाली ठेवा. मागच्या काचेखालच्या फळीवर काही ठेवायचं नाही. करकचून ब्रेक लागला की तिथली पाण्याची बाटली सरळ मुलाच्या डोक्यावर येते.

कॅरियरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: शक्यतो नको. लहान गाडीच्या टपाची वजन पेलण्याची मर्यादा फार कमी असते, कॅरियरचं स्वतःचं वजनही त्यात धरायचं असतं, आणि ती मर्यादा पुस्तकात लिहिलेली असते. वजन वर गेलं की वळणावर गाडी झुकते, वारा अडतो, मायलेज पडतं आणि आडव्या वाऱ्यात स्टिअरिंग सतत सावरावं लागतं. लावायचाच असेल तर वर फक्त कपड्यांच्या हलक्या बॅगा. माणशी एकच मऊ बॅग आणि कडक सूटकेस अजिबात नाही, एवढं ठरवलं की कॅरियर लागत नाही. आणि पुढे लोखंडी गार्ड लावला असेल तर काढून टाका. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने ते लावायला मनाई केली आहे. वजन वाढतं आणि एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत धक्का नीट पोहोचत नाही.

टायरवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. बाजूच्या भिंतीवर ‘डॉट’ने सुरू होणारी अक्षरांची ओळ असते, तिच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. ‘२३१९’ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. गाडीबरोबर आलेलेच टायर असतील तर ते आता सात वर्षांचे आहेत. नक्षी शिल्लक दिसली तरी मी अशा टायरवर पाच माणसं घालून राजस्थानात जाणार नाही. रबर आतून कडक होतं. दोन नक्ष्यांच्या मधल्या खाचेत आणि भिंतीवर बारीक केसासारख्या भेगा दिसतात का ते उन्हात, टायर थोडा फिरवून बघा. नक्षीच्या खाचांमध्ये जागोजागी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. ते झिजेची खूण आहेत, उंची १.६ मिलिमीटर. टायर झिजत तिथपर्यंत आला की कायद्यानेही संपला. मी तीन मिलिमीटरच्या खाली लांब जाऊ देत नाही.

चारही बदलणं परवडत नसेल आणि दोनच घ्यायचे असतील, तर नवे मागे लावा आणि मागचे बरे पुढे घ्या. टायरवाला उलटं सांगेल, कारण ओढणारी चाकं पुढची. पण पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलला की सावरते. मागची घसरली तर गाडी गिरकी घेते, आणि ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. मागे टाकी आणि सामान असल्याने हे अधिकच महत्त्वाचं. टायर घेताना साइजच्या पुढचा लोड इंडेक्सही वाचा. ‘८५ टी’ म्हणजे एक टायर ५१५ किलो पेलतो आणि ताशी १९० किलोमीटर वेगापर्यंत चालतो. कंपनीने दिलेल्या इंडेक्सपेक्षा खालचा, स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नका.

हवेचं बोलू. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर बहुधा दोन आकडे असतात, दोन-तीन माणसांसाठी वेगळा आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळा. तुम्हाला दुसरा हवा, आणि त्यात मागच्या चाकांचा आकडा बऱ्याचदा जास्त असतो. काँक्रीटच्या रस्त्यावर टायर फुटतात असं सगळे म्हणतात आणि मग फुटू नये म्हणून हवा कमी ठेवतात. नेमकं उलटं करतात. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायरची भिंत दुमडते, दुमडून तापते आणि तापून सुटते. हवा थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे सकाळी, दोन-तीन किलोमीटरच्या आत. चालून तापलेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय जास्त दिसणारच. ती काढायची नाही. आणखी एक गोष्ट: पुण्यात दुपारी अठ्ठावीस अंशांत भरलेली ३३ पीएसआय हवा जैसलमेरच्या पहाटे आठ अंशांत तीसच्या आसपास दिसेल. टायर गळत नाही, थंडीने दाब उतरतो. तिथे सकाळी एकदा तपासून भरा. नायट्रोजनसाठी रांग लावायची गरज नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

स्टेपनीची मात्र परीक्षा घ्या. सीएनजी गाडीत ती टाकीच्या आड अडकलेली असते, म्हणून वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. हवा भरा, तारीख बघा, आणि घराखाली सपाट जागेवर खरोखर एक चाक बदला. गाडीतलाच जॅक, गाडीतलाच पाना. एका ओळखीच्या कुटुंबाची गाडी भर दुपारी महामार्गाच्या कडेला अडकली होती ती पंक्चरमुळे नव्हे. स्टेपनीत हवा होती, जॅकही होता. पण चाकाचे नट कधीतरी हवेच्या गनने इतके आवळलेले, की गाडीतल्या आखूड पान्याने दोनची डोकी गोल झाली. म्हणून तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या सर्व्हिसिंगनंतर नट हाताच्या पान्याने सैल करून पुन्हा आवळून घ्या, आणि डिकीत दोन फुटी लोखंडी पाइप ठेवा. पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला की घरातली कुणीही व्यक्ती नट सोडवू शकते. अलॉय व्हील असतील तर लॉक नटची चावी कुठे आहे ते आजच शोधा. चाक काढून बसवल्यावर शंभरेक किलोमीटरने नट पुन्हा एकदा आवळायचे. आणि स्टेपनी बाकी चाकांपेक्षा लहान असेल तर तिच्यावर ताशी ८०ची मर्यादा पाळून फक्त पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत जायचं.

आता कूलिंग. पुष्कळ लहान गाड्यांच्या मीटरमध्ये तापमानाचा काटाच नसतो. थंड असताना निळा दिवा, फार तापलं की लाल दिवा, मधल्या टप्प्याचं काहीच कळत नाही. लाल दिवा लागतो तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो, आणि कूलंट सगळं निघून गेलं असेल तर सेन्सर हवेत लोंबकळत राहतो आणि दिवा नीट लागेलच असं नाही. यावर उपाय स्वस्त आहे. स्टिअरिंगखाली ओबीडी पोर्ट, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं सॉकेट असतं, त्यात काडेपेटीएवढा ब्लूटूथ स्कॅनर घाला आणि फोनवर कूलंटचं तापमान बघा. साधारण ८५ ते १०० अंशांच्या मध्ये असावं. चाचणीच्या त्या रविवारी घाटात किती जातं ते लिहून ठेवा. तो तुमच्या गाडीचा नेहमीचा आकडा. माउंट अबूला त्याच्या वर दहा अंश गेला तर तुम्हाला दिव्याच्या कितीतरी आधी कळेल.

रेडिएटर बघताना मधली जाळी बघून समाधान मानू नका. तिच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या टाक्या असतात, त्या अ‍ॅल्युमिनियमला दुमडून बसवलेल्या असतात. सात-आठ वर्षांत प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि त्या दुमडीपाशी पांढरट किंवा गुलाबी खरपुडी धरते. टॉर्च मारून, बोटाने चाचपून बघा. खरपुडी सापडली तर रेडिएटर बदला, एम-सील लावून राजस्थानला जाऊ नका. झाकण म्हणजे नुसतं बूच नव्हे. ते दाब धरून ठेवतं म्हणून कूलंट शंभर अंशांवरही उकळत नाही. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर नवं आणा, किंमत अगदीच किरकोळ असते. कूलंट कंपनीने सांगितलेल्या प्रकारचंच, आधी मिसळून तयार असलेलं घ्या. नळाचं पाणी घालू नका, क्षार जमतात. रंग जुळला म्हणजे जात जुळली असंही नाही. मग एसी लावून गाडी वीस मिनिटं जागेवर चालू ठेवा, रेडिएटरचा पंखा लागतो-बंद होतो का ते ऐका.

वाटेत तापमान चढायला लागलं तर आधी एसी बंद करा, खिडक्या उघडा आणि हीटर पूर्ण जोरात लावा. हीटर हा गाडीतला दुसरा, छोटा रेडिएटरच आहे. तरी उतरत नसेल तर थांबा, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा, आणि किमान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. दाबाखालचं कूलंट उसळून तोंडावर येतं. मी यातून भाजलेले हात पाहिले आहेत.

ब्रेकमध्ये पॅडची जाडी लोक विचारतात, ब्रेक ऑईल कोणी विचारत नाही. ते हवेतली ओल शोषतं आणि त्यामुळे त्याचा उकळबिंदू खाली येतो. डॉट ३ या दर्जाचं ब्रेक ऑईल नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, ओल धरलेलं १४० अंशांनाही. घाट उतरताना सतत पाय ब्रेकवर असला की कॅलिपरमध्ये तेवढी उष्णता सहज तयार होते, ऑईलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकदम पोकळ लागतं. दोन वर्षांत बदललं नसेल तर बदला आणि चारही चाकांतून हवा काढून घ्या. पुढचे पॅड तीन मिलिमीटरवर आले असतील तर बदलाच, पाच असतील तरी मी या प्रवासाआधी बदलेन. मागचे ड्रम उघडून धूळ साफ करायला सांगा आणि हँडब्रेक भरलेल्या गाडीत, चढावर तपासा. आबू रोडवरून माउंट अबू वर २८ किलोमीटर आहे. उतरताना दुसरा-तिसरा गिअर ठेवायचा, ब्रेक थोडा वेळ घट्ट दाबायचा आणि पूर्ण सोडायचा. एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी गाडी असेल तर लीव्हर मॅन्युअलवर घेऊन स्वतः खालचा गिअर पाडा. न्यूट्रलवर घाट उतरवून पेट्रोल वाचवणाऱ्यांशी वाद घालू नये, त्यांच्या मागे फक्त गाडी चालवू नये.

बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर मीटर लावून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली पडत असेल तर ती जैसलमेरच्या थंड पहाटे दगा देईल. फॅन बेल्ट उलटा करून बघा, आतल्या बाजूच्या खाचांवर आडव्या चिरा असतील तर बदला, जुना पट्टा टाकू नका, डिकीत राहू द्या. टायमिंग चेनऐवजी टायमिंग बेल्ट असेल तर तो किती किलोमीटरला बदलायचा ते पुस्तकात बघा. हा तुटला तर इंजिन उघडावं लागतं.

ऑईलबद्दल एकच सांगतो. या इंजिनांत ते तीन-साडेतीन लिटरच बसतं. साठ हजार चाललेलं इंजिन हजार किलोमीटरला पाव लिटर खात असेल तर शहरात लक्षात येत नाही, अडीच-तीन हजार किलोमीटरच्या फेरीत मात्र डिपस्टिक कोरडी होऊ शकते. दर दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, सपाट जागेवर बघा. त्याच ग्रेडचा एक लिटरचा डबा बरोबर ठेवा.

सस्पेन्शनसाठी आपले कान पुरतात. बारीक खड्ड्यात खडखड म्हणजे लिंक रॉड, ब्रेक लावताना ‘टक’ म्हणजे लोअर आर्मचे बुश, वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं आणि वळणावर बदलणारा तिचा सूर म्हणजे व्हील बेअरिंग. बेअरिंगचं दुखणं अंगावर काढू नका. पुढच्या चाकांमागे ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट असतात. रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं की बूट फाटलाय असं समजा. वाळवंटात फाटक्या बुटातून वाळू गेली की जॉइंट गेला. कुठलंही काम झालं तरी शेवटी अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. क्लचची खात्री अशी करा: मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग मात्र तिथेच राहिला, तर क्लच प्लेट घसरतेय.

सीएनजीचं थोडं वेगळं बघावं लागतं. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने घेतलेली चाचणी, दर तीन वर्षांनी लागते. सात वर्षांच्या गाडीची आतापर्यंत दोनदा व्हायला हवी होती. झालेली नसेल तर पंपावर गॅस नाकारतील, तोही परक्या राज्यात. गॅसवर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून झिजलेले स्पार्क प्लग पेट्रोलवर चालून जातात आणि गॅसवर मिस मारतात. प्लग आणि एअर फिल्टर नवे घाला. गुजरातमध्ये सीएनजीची काळजी नाही, पंपांचं जाळं दाट आहे. पश्चिम राजस्थानात अंतरं वाढतात, तेव्हा मनात पेट्रोलचाच हिशेब ठेवा. पेट्रोलची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. पेट्रोलचा पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच गार राहतो, सीएनजीवाले मीटरवर पेट्रोलची एकच काडी ठेवून वर्षानुवर्षं तो पंप जाळत असतात. माउंट अबूचा चढ आणि दोन पदरी रस्त्यावरचं ओव्हरटेकिंग पेट्रोलवर करा. गॅसवर ताकद कमी मिळते, आणि पाच माणसांत तो फरक जाणवतो.

दिव्यांमध्ये बल्बपेक्षा एक छोटं चाक महत्त्वाचं आहे. स्टिअरिंगच्या उजव्या हाताला ० ते ३ असे आकडे असलेलं चाक बऱ्याच गाड्यांत असतं आणि ते शून्यावरच गंजून जातं. मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर होतं, हेडलाइट झाडाच्या शेंड्यावर आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातात. भरलेल्या गाडीत ते चाक २ किंवा ३ वर फिरवा. फरक भिंतीसमोर उभं राहून बघा. जास्त वॅटचे बल्ब टाकू नका, होल्डर वितळतात.

कागदपत्रांत घाबरण्यासारखं काही नाही. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीला दुसऱ्या राज्यात फिरायला परवाना किंवा कर लागत नाही. नव्याने नोंदणीचा प्रश्न गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ परराज्यात राहिली तरच येतो. आरसी, विमा, पीयूसी, लायसन डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये चालतं, तरी नेटवर्क नसेल म्हणून छापील प्रती ठेवा. पीयूसीची तारीख परतीच्या दिवसापर्यंत पुरते ना ते बघा. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर हाय सिक्युरिटी पाटी बसवून घ्या. फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून आला, सुरुवातीला ३,००० रुपयांत २०० फेऱ्या. पण तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच चालतो. राज्याच्या रस्त्यांवर नेहमीसारखे पैसे कापले जातात, म्हणून शिल्लक ठेवाच. महामार्गावर मदतीला १०३३, बाकी आणीबाणीला ११२. मुलाला मांडीवर घेऊ नका. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट कायद्याने सक्तीची आहे, आणि मागे बसलेल्या मोठ्यांनाही पट्टा.

बरोबर काय घ्यावं याची यादी लोक फार लांबवतात आणि मग कॅरियर मागतात. ट्यूबलेसचं पंक्चर किट, सिगारेट सॉकेटवर चालणारा हवेचा पंप, जंपर केबल, फ्यूज, केबल टाय, चांगली टॉर्च, त्रिकोणी रिफ्लेक्टर, प्रथमोपचार पेटी आणि पाच लिटर पाणी. बास. हवेचा पंप घरी एकदा चालवून बघा, इंजिन चालू ठेवून.

चालवताना पहिला मुक्काम अहमदाबादच्या अलीकडे, वडोदऱ्यातच धरा. सुरतच्या आसपासची वाहतूक वेळ खाते. पहाटे निघा, अंधार पडण्याआधी थांबा. सिरोहीच्या पुढे संध्याकाळनंतर गुरं आणि उंट रस्त्यावर असतात, आणि उंटाचे पाय बॉनेटला लागले तर धड काचेवर येतं. भरलेल्या गाडीत पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर सोडा. ओव्हरटेक करायच्या आधीच तिसऱ्या-चौथ्यावर या, मध्ये जाऊन गिअर शोधत बसू नका. जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूकडे गेलात तर फोटोसाठी गाडी रस्त्याच्या खाली उतरवू नका. पुढची चाकं एकदा पोटापर्यंत रुतली की ट्रॅक्टरवाला त्याच्या मर्जीचे पैसे घेतो. रुतलीच तर रेस करू नका. चाकाची हवा वीस पीएसआयच्या आसपास उतरवा, चाकांमागची वाळू हाताने सारा, हलक्या पायाने मागे घ्या, आणि रस्त्यावर आल्याबरोबर त्याच पंपाने हवा परत भरा.

घरी परतल्यावर तळ दाबाच्या पाण्याने धुऊन घ्या. एअर फिल्टर आणि एसीचा केबिन फिल्टर काढून बघा, वाळू भरलेली असेल तर बदला. मागचे ड्रम पुन्हा एकदा उघडा. मग टायरची हवा रोजच्या आकड्यावर आणा, नाहीतर रिकामी गाडी पुण्याच्या खड्ड्यांत मागून उड्या मारत राहील, आणि ते हेडलाइटचं चाक परत शून्यावर फिरवा.